लीन कुठला, आसरा कुठला

सकाळी साडेसातला आमच्या फॅमिली ग्रुपवर आत्तेभावाने फॉरवर्ड टाकला. मागे उगवता सूर्य, कोपऱ्यात ॐ, आणि मजकूर असा की इंग्रजीत टेकण्याला, कलण्याला ‘लीन’ म्हणतात, आपल्याकडे देवापुढे झुकणारा तो ‘लीन’, मग सांगा शब्द कुणाचा? खाली अकरा जणांचे हात जोडलेले. माझ्या सख्ख्या बहिणीने ‘अभिमान आहे’ असं लिहून पुढे तीन झेंडे लावले.

एरवी मी सोडून देते. लग्नकार्यात त्याच माणसांच्या पंगतीला बसायचं असतं. पण आज तो शब्द अर्ध्या तासात दुसऱ्यांदा कानावर आदळला. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आज बारावा दिवस. फिजिओथेरपीवाली मुलगी सातलाच येते. गोड आहे पोर, पण निम्मं इंग्रजीत बोलते. ‘‘काका, सगळं वजन टाकून वॉकरवर लीन नाही व्हायचं हं. एक हात ताईंच्या खांद्यावर ठेवा.’’ अण्णांनी मान डोलावली आणि हात वॉकरवरच ठेवला. गेले बारा दिवस हेच चाललंय. माझा खांदा तिथेच, हातभर अंतरावर, रिकामा.

तर तो फॉरवर्ड. हे धादांत खोटं आहे. आपला लीन आला संस्कृत ‘ली’ धातूवरून. ली म्हणजे चिकटणं, विरघळणं, मिसळून जाणं. लय, विलीन, तल्लीन, प्रलय, सगळी त्याचीच पोरं. इंग्रजी लीनचं जुनं रूप होतं ‘ह्लिनियन’. त्याच्या तोंडाशी एक ‘ह’ होता, पुढे तो झिजला. म्हणजे आज जे दोन शब्द एकसारखे ऐकू येतात ते हजार वर्षांपूर्वी एकसारखे नव्हतेच. कानाला सारखं वाटलं म्हणून नातं जोडायचं असेल तर विहिरीवरच्या साती आसरा आणि पावसात शोधतो तो आसराही एकच म्हणा की! साती आसरा म्हणजे अप्सरा. पावसातला आसरा म्हणजे आश्रय. आणि आश्रम? तो आश्रयातला नाहीच, तो श्रमातला. आपल्याच भाषेत कान असे फसवतात, आणि हे निघाले लंडनला.

आणि चीड कशाची येते सांगू? खरं नातं आहे, आणि या खोट्यापेक्षा ते कितीतरी देखणं आहे.

संस्कृतात ‘श्रि’ असा धातू आहे. अर्थ टेकणं, आधाराने राहणं. त्याला ‘आ’ लागला की आश्रय, आश्रित, आणि मराठीत झिजून गुळगुळीत झालेला आसरा. हा श्रि आणि इंग्रजी लीन ही सख्खी भावंडं. कान ही गोष्ट सांगणार नाहीत, कारण दोघांत सारखा ऐकू येणारा आवाज जवळजवळ उरलेलाच नाही. पण नियम लावा. आपल्याकडे जिथे ‘श’ असतो तिथे लॅटिन-ग्रीकमध्ये ‘क’ सापडतो आणि इंग्रजीच्या घराण्यात ‘ह’. आपलं शत, लॅटिनचं केंटुम, इंग्रजीचं हंड्रेड. आपला श्वान, लॅटिनचा कानिस, इंग्रजीचा हाउंड. तसाच आपला श्रि, ग्रीकांचा क्लिनेइन, लॅटिनचा क्लिनारे, आणि ‘ह’ गमावलेला लीन. श्रवणातल्या ‘श्रु’चंही हेच. त्याचं इंग्रजी भावंड म्हणजे लाउड, मोठ्या आवाजाचा. त्याच्याही तोंडाशी ‘ह’ होता, तोही पडला. एकाच साच्यातून पडलेल्या वीटा जणू.

हे मला कळलं तेव्हा मी पंचवीसेक वर्षांची होते, एका छापखान्यात प्रुफं तपासत होते. त्या दिवशी प्रुफं बाजूला राहिली. कारण हे कळता क्षणी मला खंबाटकीचा घाट आठवला.

अण्णा एसटीत कंडक्टर होते. सातारा-स्वारगेट. मे महिन्याच्या सुट्टीत एखादी फेरी मला बरोबर न्यायचे. पारगाव खंडाळा सोडलं की घाट सुरू. गाडी भरलेली, उभी माणसं दांड्याला लोंबकळताहेत, प्रत्येक वळणाला सगळी एकदम डावीकडे, मग सगळी एकदम उजवीकडे. आणि मधे अण्णा, कशालाही न धरता. कंबर एका सीटच्या कडेला टेकवलेली, एक पाय पुढे रोवलेला, डाव्या हातात तिकिटांची पेटी, उजव्या हातात पंच. टक, टक. वळण आलं की गाडीबरोबर कलायचे आणि गाडीबरोबर सरळ व्हायचे. मी विचारलं होतं, ‘‘अण्णा, तुम्ही धरत का नाही?’’ म्हणाले, ‘‘धरलं तर तिकीट कुठल्या हातानं फाडू?’’

त्या दिवशी छापखान्यात मला ते कंबर टेकवलेले अण्णा दिसले, आणि श्रि धातू डोक्यात जो बसला तो बसला.

बरं, या घराण्याचा पसारा तरी बघा. ग्रीकांचा ‘क्लिने’ म्हणजे ज्यावर रेलायचं तो पलंग. ते पंगतीला मांडी घालून बसत नसत, रेलून जेवत. त्या पलंगावरून आलं क्लिनिक, म्हणजे आजाऱ्याच्या खाटेपाशी चालणारं वैद्यक. (आता डॉक्टर खाटेपाशी किती मिनिटं थांबतात ते मी मोजलंय, पण तो विषय आज नको.) ‘क्लिमा’ म्हणजे उतार. विषुववृत्तापासून ध्रुवाकडे पृथ्वी जशी कलत जाते तसे तिचे पट्टे पाडले, त्यावरून क्लायमेट. ‘क्लिमॅक्स’ म्हणजे शिडी, भिंतीला टेकवून ठेवतात ती. लॅटिनमधून इन्क्लाइन, डिक्लाइन, रिक्लाइन. इंग्रजी लॅडरसुद्धा याच कुळातला. आणि ट्रेकवाल्यांनो, सह्याद्रीत तुम्ही निसणीची वाट चढता ना? निसण म्हणजे शिडी, संस्कृतात निःश्रेणी, आणि तिच्या पोटात हाच श्रि. बांबूची ती निसण कड्याला टेकवून वर जाणारा आपला कातकरी आणि इंग्लंडातला लॅडर लावून छपरावर चढणारा गवंडी, दोघांच्या तोंडी एकाच धातूची लेकरं. हे सोडून तुम्हाला ‘चोर इंग्रज’ हवंय?

‘नॅव्हिगेशन म्हणजे नवगती’ हाही असाच एक फॉरवर्ड. अरे, लॅटिनचा ‘नाविस’ म्हणजे जहाज आणि आपली नौ या खऱ्याखुऱ्या बहिणी आहेत! सख्खी बहीण दारात उभी, आणि तुम्ही शेजारच्या बाईला मावशी म्हणून मिठ्या मारताय.

ठीक आहे, एवढं मान्य करते की फॉरवर्डवाल्यांचा वास अगदीच चुकलेला नसतो. नातं आहेच. 1786 साली विल्यम जोन्स या संस्कृत शिकलेल्या इंग्रज न्यायाधीशाने कोलकात्यात भाषण करून संस्कृतची रचना ग्रीकपेक्षा निर्दोष असल्याचं म्हटलंच होतं. पण त्याच दमात तो हेही म्हणाला की या सगळ्या कुठल्यातरी एकाच उगमातून निघालेल्या दिसतात, आणि तो उगम कदाचित आता उरलेला नाही. पहिलं वाक्य डोक्यावर घेऊन नाचायचं आणि दुसरं गिळायचं. आई व्हायचंय सगळ्यांना, बहीण कुणालाच व्हायचं नाही. बहीण झालं की बरोबरीने बसावं लागतं ना.

मी ग्रुपवर हे सगळं लिहिलं. आत्तेभावाने उत्तर दिलं, ‘ताई, तुमचा कल नेहमी तिकडेच.’ बघा, शब्द तरी कुठला वापरला. कल! दिवस कलतो, ऊन कलतं, निकालाच्या दिवशी टीव्हीवर सकाळपासून कल हाती येतात. टेकणं, रेलणं, कलणं, झुकणं, ओणवणं, लवंडणं, कलंडणं, इतके शब्द आहेत आपल्याकडे आणि एकाचं काम दुसरा करत नाही. लोडाला रेलतात, भिंतीला टेकतात, भांडं कलंडतं, माणूस दुपारी जरा लवंडतो. याचा अभिमान कुणी फॉरवर्ड करत नाही. असो. त्याच्यावर मी जरा जास्तच घसरले. त्यानेच ऑपरेशनच्या रात्री दवाखान्यात बाकावर जागून काढली होती, हेही लिहिते.

पण आश्रित या शब्दाचं काय करू ते मला अजून कळलेलं नाही. अण्णा पाचवीपासून मॅट्रिकपर्यंत कराडला मावशीकडे राहिले. घरी पाहुणे आले की मावशीचे यजमान ओळख करून द्यायचे, ‘‘हा आमचा आश्रित.’’ रागाने नव्हे, सहज. अण्णांनी हे मला आयुष्यात एकदाच सांगितलं, तेही हसत. पण त्यानंतर त्यांनी कुणाकडे मीठही उसनं मागितलेलं मी पाहिलेलं नाही. घाटात गाडीच्या सीटला कंबर टेकवायचे, कारण सीट कुणाला ओळख करून देत नाही. श्रित म्हणजे टेकलेला, बस, एवढंच. त्यात भीक कुठून शिरली? एका भाषेने त्या धातूची शिडी केली, एकीने पलंग केला, आपण आसरा केला, किती सुंदर केला, आणि मग त्याच हाताने आश्रित करून एका अकरा वर्षांच्या पोराला चिकटवला.

हे लिहिता लिहिता रडू आलं, मधे उठून चहा टाकून आले.

दुपारी अण्णांना जाग आली तेव्हा हे सगळं त्यांना सांगितलं. श्रि, ह्लिनियन, निसण, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं. आश्रित शब्दापाशी आले तेव्हा मी मुद्दाम भरभर पुढे गेले, त्यांनीही जाऊ दिलं. मग म्हणाले, ‘‘म्हणजे इंग्रज पण टेकतातच म्हणायचं.’’

म्हटलं, ‘‘टेकतात की.’’

‘‘बरं. मग तो तक्क्या घे आणि पाठीला लाव माझ्या. आणि तिकडे नको, इकडे बस. घसरतोय तो मघापासून.’’