एक रुपयापासून सुरू झालेला तानपुरा

यंदाच्या अनंत चतुर्दशीच्या रात्री 11 वाजून 40 मिनिटांनी, तिकडे मिरजेतली विसर्जन मिरवणूक ऐन रंगात आलेली असताना, मी सांगलीत विश्रामबागेतल्या घरी बसून एक जुना तानपुरा 2,350 रुपयांना जिंकला. हा लिलाव एका संकेतस्थळावर आठ दिवस चालू होता. बोलीची सुरुवात विक्रेत्याने स्वतःच 1 रुपयापासून ठेवली होती आणि हातची किंमत, म्हणजे जिच्याखाली माल सुटणार नाही ती राखीव किंमत, त्याने कोठेही लावलेली नव्हती. माझी कमाल बोली 6,000 रुपयांची होती; पण अशा लिलावात ती इतरांना दिसत नाही, समोरचा जितका चढेल त्याच्या एक पायरी वर आपली बोली आपोआप जाते. समोरचा 2,300 वर थांबला, म्हणून मला 2,350 ला मिळाला. मुलीच्या रियाजासाठी मिरजेतल्या एका दुकानात तसाच नवा तानपुरा मी आधी विचारला होता, तेव्हा 28,000 रुपये सांगितले होते. त्यामुळे सौदा फार स्वस्तात पडला, हे मला पूर्ण कबूल आहे.

पैसे मी त्याच रात्री भरले. दुसऱ्या दिवशी दुपारी विक्रेत्याचा निरोप आला की बांधाबांध करताना भोपळा तडकला, सबब व्यवहार रद्द समजावा. भोपळा तडकू शकतो. वाळवलेल्या भोपळ्याचे वाद्य ज्यांच्या घरात आहे त्यांना ती धास्ती ठाऊक असते, म्हणून मी हळहळ व्यक्त करून विषय सोडून दिला. चार दिवसांनी त्याच गृहस्थांनी विचारले की 8,000 देत असाल तर पाठवतो. तडकलेला भोपळा चार दिवसांत सांधला कसा गेला, हे विचारल्यावर उत्तर आले नाही. पुढच्या आठवड्यात तोच तानपुरा, तबलीवरच्या (भोपळ्यावरच्या लाकडी फळीवरच्या) त्याच ओरखड्यासह आणि त्याच छायाचित्रांसह, पुन्हा लिलावात उभा राहिला. या वेळी बोलीची सुरुवात 12,000 रुपयांपासून होती. संकेतस्थळाने माझे पैसे परत केले आणि कळवले की आम्ही केवळ मध्यस्थ आहोत, विक्रेत्याला वस्तू देण्यास भाग पाडू शकत नाही.

हे सांगितल्यावर दोन-तीन स्नेह्यांनी मलाच सुनावले. एवढ्या मोलाची वस्तू साडेतेवीसशे रुपयांत घ्यायला मन कसे धजले, असा त्यांचा सूर होता, आणि त्याचे उत्तर देण्यासाठीच ही लांबलचक पोस्ट लिहीत आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की कमी भाव येणे ही लिलावातली चूक नव्हे. तो विक्रेत्याने डोळे उघडे ठेवून पत्करलेला धोका असतो. 1 रुपयापासून बोली ठेवली की बघे जमतात, गंमत म्हणून दोन-चार जण बोली लावतात, आणि एकदा बोली लावलेला माणूस सहसा मागे हटायला तयार नसतो. ही गर्दी फुकट मिळावी म्हणूनच सुरुवात इतकी खाली ठेवली जाते. गर्दी जमली असती आणि तानपुरा 30,000 ला गेला असता, तर हेच गृहस्थ जास्तीचे पैसे मला परत करायला आले नसते. गर्दी का जमली नाही, याचेही उत्तर त्यांच्याकडेच आहे. वस्तूच्या मथळ्यात त्यांनी ‘जुनी सतार’ असे लिहिले होते, त्यामुळे तानपुरा शोधणाऱ्यांना ती दिसलीच नसणार. आणि लिलाव संपण्याची वेळ त्यांनी अशी निवडली की निम्मा महाराष्ट्र रस्त्यावर ढोल-ताशांत होता.

कायदाही याच अंगाने जातो. आपल्या 1872 च्या करार कायद्याच्या कलम 25 मध्ये एक उदाहरण दिले आहे, आणि ते मला फार आवडते: एका माणसाने 1,000 रुपयांचा घोडा 10 रुपयांना विकण्याचे कबूल केले आणि त्याची संमती मोकळ्या मनाने दिलेली होती, तर मोबदला अपुरा असूनही तो करार ठरतो. संमती खरोखर मोकळी होती की नाही हे पाहताना न्यायालय अपुरी किंमत विचारात घेऊ शकते, असेही तिथेच म्हटले आहे, आणि ते रास्तच आहे. 1930 च्या माल विक्री कायद्याचे कलम 64 सांगते की हातोडा पडला, किंवा रूढ पद्धतीने विक्री पुरी झाल्याचे जाहीर झाले, की लिलाव पुरा होतो. तोपर्यंत बोली लावणाऱ्याला ती मागे घेता येते. त्याच कलमात विक्रेत्याला राखीव किंमत लावण्याची मुभा आहे, फक्त ती आधी जाहीर करायला हवी. संगणकावर हातोडा नसतो, तिथे घड्याळ शून्यावर येते. आणि करार केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून तो अमलात आणता येत नाही असे म्हणता येणार नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 10अ ने स्पष्ट केले आहे.

परदेशात असे वाद वरच्या न्यायालयांपर्यंत गेले आहेत. जर्मनीत एकाने आपली जुनी फोक्सवॅगन पसाट गाडी ईबेवर 1 युरोपासून लिलावात ठेवली, आणि बाहेर 4,200 युरो देणारा गिऱ्हाईक मिळाल्यावर लिलाव मध्येच बंद केला. त्या क्षणी एकाची 555.55 युरोची कमाल बोली लागलेली होती, पण स्पर्धक नसल्यामुळे भाव 1 युरोवरच होता. गाडीची किंमत 5,250 युरो धरली गेली, आणि नोव्हेंबर 2014 मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने त्या माणसाला 5,249 युरो भरपाई मंजूर केली. स्वस्तात मिळण्याची आशा हाच अशा लिलावाचा प्राण आहे आणि राखीव किंमत न लावण्याचा धोका विक्रेत्याने स्वतः ओढवून घेतला, असा त्या निकालाचा आशय आहे. इंग्लंडमध्ये 2000 साली निकाल लागलेल्या एका प्रकरणात, संकेतस्थळाचा काहीही संबंध नसलेल्या साध्या लिलावात, नवी घेतली तर प्रत्येकी 14,000 पौंडांहून महाग असलेली दोन यंत्रे प्रत्येकी 200 पौंडांच्या बोलीला देण्याचे लिलाव पुकारणाऱ्याने नाकारले. राखीव किंमत नाही असे जाहीर केलेले असल्यामुळे त्याला 27,600 पौंड भरावे लागले.

आता माझे दाजी. ते मार्केट यार्डात हळदीची अडत करतात आणि लिलावाबद्दल त्यांच्यापुढे मी काही बोलावे अशी माझी पात्रता नाही. ते म्हणाले, “पाव्हणं, यार्डात शेतकऱ्यालासुद्धा भाव पटला नाही तर तो माल देत नाही. मग त्या बिचाऱ्यानं काय पाप केलं?” हा प्रश्न मला दोन दिवस सतावत होता, कारण वस्तुस्थिती तशीच आहे. सौद्यात वक्कलावर, म्हणजे विक्रीला मांडलेल्या मालाच्या ढिगावर, सर्वांत वरची बोली आली तरी शेतकरी नको म्हणू शकतो, आणि ई-नाम या केंद्र सरकारच्या शेतमालाच्या ऑनलाइन बाजारातही शेवटचा होकार त्याच्याकडेच असतो. पण तिथे ही मुभा नियमातच आहे आणि बोली लावणाऱ्या प्रत्येक खरेदीदाराला ती आधीपासून माहीत असते. शेतकरी नकार देतो तो पट्टी, म्हणजे विक्रीचा लेखी हिशेब, होण्याच्या आधी, तिथल्या तिथे, चारचौघांत. पैसे घेऊन झाल्यावर दुसऱ्या दिवशी पोती भिजली अशी सबब तो सांगत नाही. शिवाय बोली कोठून सुरू करावी हे त्याच्या हाती नसते आणि वर्षाचे पीक त्या ढिगात असते, त्यामुळे त्याला जास्तीचे संरक्षण मिळणे योग्यच आहे. घरातला नको असलेला तानपुरा विकणाऱ्याला राखीव किंमतीचा रकाना उपलब्ध होता आणि त्याने तो कोरा सोडला. दाजींना हे पूर्ण पटले नाही, पण “पट्टी झाल्यावर मात्र मागं फिरायचं नाही” एवढे त्यांनी मान्य केले.

खरीखुरी चूक मात्र मी वेगळी मानतो. सिंगापुरात 2003 साली एका संकेतस्थळावर 3,854 डॉलरचा लेझर प्रिंटर चुकून 66 डॉलरला लागला आणि सहा जणांनी मिळून 1,606 प्रिंटर मागवले. ही चूक असल्याचे त्यांना कळत होते, म्हणून न्यायालयाने ते करार रद्दबातल ठरवले. ते बरोबरच झाले. तिथे किंमत विक्रेत्याने सांगितली होती आणि ती सांगताना चुकली होती. लिलावात किंमत बोली लावणारे ठरवतात, विक्रेता फक्त अटी ठरवतो, आणि 1 रुपया हा आकडा इथे चुकून पडलेला नव्हता.

लिलावानंतर माल न देण्याच्या या नकाराचा एक सख्खा भाऊ आहे, तोही सांगून ठेवतो. भाव खाली राहील अशी शंका आली की मेहुण्याच्या किंवा मित्राच्या नावाने बोली चढवणारे विक्रेते असतात. आधी जाहीर न करता विक्रेत्याने अशी स्वतःची किंवा भाडोत्री बोली लावणे कलम 64 नुसार बेकायदा आहे, आणि खरेदीदार ती विक्री फसवणूक मानू शकतो.

मी तक्रार करणार का, असे अनेकांनी विचारले. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि तक्रार मला सांगलीतच करता येते; परंतु ई-कॉमर्सचे 2020 चे नियम नियमित धंदा न करणाऱ्या, खासगीत एखादी वस्तू विकणाऱ्या व्यक्तीला लागू होत नाहीत, आणि हे गृहस्थ त्यात मोडतात असे दिसते. दिवाणी दाव्यात बाजारभाव आणि सौद्याचा भाव यांतला फरक मागता येईल, पण तेवढ्यासाठी तारखांना चकरा मारण्याची माझी तयारी नाही. संकेतस्थळाला मात्र मी लेखी विचारले आहे की वस्तू तुटल्याचे सांगून व्यवहार रद्द करणाऱ्याला तीच वस्तू आठ दिवसांत पुन्हा लिलावात ठेवू कशी दिली जाते. उत्तर आलेले नाही.

तानपुऱ्याचा दुसरा लिलाव येत्या रविवारी रात्री संपतो. सध्या त्यावर 12,400 रुपयांची बोली आहे आणि मथळा बदलून आता ‘मिरज तानपुरा’ असा केला आहे. ही 12,000 ची अट पहिल्याच दिवशी लिहिलेली असती, तर माझ्या 6,000 रुपयांत तो बसत नाही हे मला तेव्हाच कळले असते आणि मी पुढच्या वस्तूकडे वळलो असतो.