‘पोरगी कुठं कामाला जाती?’

साखर कारखान्याचा पट्टा पडला, ऊसतोडीचा हंगाम संपला. शाळेमागच्या माळावरच्या ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, चार दिवसांत मोडल्या, ट्रॅक्टर बीडच्या वाटेला लागले. माझ्या चौथीच्या वर्गातल्या तीन पोरीही त्यांच्याबरोबर गेल्या.

त्यातली एक नोव्हेंबरात शिक्षण हमी कार्ड घेऊन आली होती; स्थलांतर केलेल्या मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून ते देतात. आठ-दहा दिवस आली आणि बंद झाली. कोपीवर गेलो तर कडेवर आठ महिन्यांचा भाऊ, तव्यावर भाकरी. आई-बाप पहाटे तीनलाच उसाच्या फडात गेलेले. संध्याकाळी बापाला गाठलं. म्हणाला, "गुरुजी, पोरगी कुठं कामाला जाती? कोपीवरच असती की."

तो खोटं बोलत नव्हता. मजूर आणणारा मुकादम उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर. बाई फडात उतरली नाही तर उचल फिटायची कशी? मग तान्हं कोणी सांभाळायचं? नऊ वर्षांची पोरगी आहेच. तिच्या जिवावर कोयता चालतो, हिशेबाच्या वहीत मात्र ती नाही.

जगाच्या वहीतही नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफच्या अंदाजाने २०२४ मध्ये जगात १३ कोटी ८० लाख बालमजूर होते, निम्म्याहून जास्त शेतीत. या मुख्य आकड्यात घरातला स्वयंपाक आणि भावंडं सांभाळणं धरतच नाहीत. आपल्या बालमजुरीच्या कायद्यातली २०१६ची दुरुस्तीही शाळा सुटल्यावर कुटुंबाला मदत करायला मुभा देते. शाळा सुटल्यावर! फडाला कुठली आलीय घंटा?

गावाकडं हंगामी वसतिगृहं असतात, चांगलीच आहेत. पण तिथं शाळेतलं मूल राहील, अंगावर पिणारं बाळ नाही. ते आईबरोबर येणार आणि त्याच्यामागं ताई येणार. म्हणून मास्तर असूनही मी म्हणतो, आधी फडाजवळ पाळणाघर काढा, कारखान्याच्या खर्चानं. मग आम्हाला पटसंख्या विचारा.

आणि हे मी कोणत्या तोंडानं लिहितोय तेही सांगतो. त्या पोरीनं विचारलं होतं, "गुरुजी, बाळाला घेऊन येऊ का?" मी हो म्हटलं. दोन दिवस बाळ सतरंजीवर झोपलं. तिसऱ्या दिवशी त्यानं सतरंजी घाण केली, वर्ग खदखदून हसला. तिनं फ्रॉकनंच पुसायला घेतलं. मी वैतागून म्हणालो, "उद्या त्याला ठेवून ये."

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.