‘दोन डबे लावायला तीन तास?’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

त्या दिवशी तुमच्या घरी इंटरनेटचं काम करायला आम्ही चाळीस मिनिटं उशिरा आलो आणि साधा फोनही केला नाही. चूक आमची, मनापासून माफी मागतो. पण ‘दोन डबे लावायला तीन तास, वर २४० डॉलर, आणि आठवड्यात बंद’ हे वाचून फार लागलं. इथे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये आम्हाला कामं मिळतात ती एकाने दुसऱ्याला सांगितल्यावर. म्हणून त्या तीन तासांचा हिशोब इथेच देतो.

ते दोन डबे म्हणजे मोका अडॅप्टर, टीव्हीच्या केबलमधून घरभर इंटरनेट नेणारे. ते लावायला दहा मिनिटंच लागतात, हे तुमचं बरोबर. वेळ गेला तो भिंतीतल्या त्या टीव्हीच्या केबलवर, म्हणजे कोॲक्सवर. बेसमेंटमध्ये आठ केबल होत्या, एकीवरही खूण नाही. वरच्या ऑफिसात जाणारी कोणती, हे टोनर (केबलचं दुसरं टोक शोधायचं यंत्र) लावून शोधण्यातच पाऊण तास गेला. आठही केबल ज्या जुन्या स्प्लिटरला (एका लाइनचा सिग्नल अनेक केबलमध्ये वाटणारी डबी) जोडल्या होत्या त्यावर ५-९०० मेगाहर्ट्झ छापलेलं होतं, म्हणजे तो तेवढ्याच फ्रिक्वेन्सीसाठी बनवलेला. मोका चालतं ११२५ ते १६७५ मेगाहर्ट्झमध्ये. असा स्प्लिटर सिग्नल पुरता अडवतोच असं नाही, म्हणून अडॅप्टरचा दिवा लागतो, सगळं ठीक वाटतं आणि स्पीड मात्र शंभर एमबीपीएसच्या आत अडकतो. तो काढून १६७५ पर्यंतचा, तीन तोंडांचा बसवला. न लागणाऱ्या केबल सोडवून ठेवल्या.

तरी स्पीड चढेना. शेवटी ऑफिसच्या भिंतीवरची प्लेट उघडली, तेव्हा कनेक्टरच्या आत केबलभोवतीच्या धातूच्या जाळीची केसाएवढी एक तार मधल्या तांब्याला टेकलेली दिसली. दोन्ही टोकांना नवे, दाबून घट्ट बसणारे (कॉम्प्रेशन) कनेक्टर चढवले आणि तुमच्याच लॅपटॉपला वायर लावून ९२० एमबीपीएस दाखवला. हे काम घाईत उरकण्यासारखं नाही हो.

आता ‘आठवड्यात बंद’. तुम्ही पाठवलेल्या फोटोत आम्ही दिलेला मोकाचा छोटा फिल्टर ऑफिसच्या अडॅप्टरच्या मागे लावलेला दिसतो. त्याची जागा बेसमेंटमध्ये, बाहेरून येणारी लाइन स्प्लिटरच्या ‘इन’ला लागते तिथे. मोकाचा सिग्नल घराबाहेर जाऊ न देता आतच परतवणं हे त्याचं काम. अडॅप्टरच्या मागे लावला तर तो नेमका तोच सिग्नल कापतो. हे आम्ही तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. रिव्ह्यूमध्ये त्याचा एक शब्दही नाही, याचं जास्त वाईट वाटतं.

कामाच्या वेळेचा अंदाज आधी द्यायला हवा होता, पुढे तशी काहीतरी सोय करू.

फिल्टर परत ‘इन’वर लावा. हाताने घट्ट झाला की पान्याने जेमतेम पाव फेरा, जास्त नको. मग दोन्ही अडॅप्टर प्लगमधून काढून अर्ध्या मिनिटाने लावा. तरीही दिवा लागला नाही तर शनिवारी येतो, पैसे घेणार नाही. निघताना फोन नक्की करू.