तुमचं बरंय, तुमचा टॅक्स कापलाच जात नाही

आज १५ डिसेंबर २०२५. सकाळी ग्रुपवर सहज टाकलं की बाई आज अ‍ॅडव्हान्स टॅक्सचा तिसरा हप्ता भरायचाय, कशात लक्ष लागत नाहीये. तर आमच्या एका मैत्रिणीचा लगेच रिप्लाय, तीन हसऱ्या तोंडांसकट, "तुम्हा फ्रीलान्सर लोकांचं बरंय, तुमचा टॅक्स कापलाच जात नाही." त्यावर चौघींचे अंगठे.

मी फोन उलटा ठेवला, भाषांतराची फाईल उघडली, एकच वाक्य चार वेळा वाचलं, शेवटी इथे आले. ग्रुपवर लिहिलं असतं तर भांडण झालं असतं. इथेही होईल म्हणा.

कापला जात नाही म्हणजे काय गं? तुझा ऑफिसात कापतात, तुला तो कधी दिसतच नाही, खात्यात जे येतं ते तुझं. माझ्या खात्यात येतं त्यातलं किती माझं हे मलाच ठरवायचं असतं, आणि तेही वर्ष संपायच्या आत, अंदाजाने, हप्त्याहप्त्याने. हाच तो ॲडव्हान्स टॅक्स. पंधरा जूनपर्यंत वर्षाच्या टॅक्सचे १५ टक्के, पंधरा सप्टेंबरपर्यंत ४५, आज ७५, आणि पंधरा मार्चला पूर्ण. जूनमध्ये मला पुढच्या महिन्यात काम आहे की नाही हे माहीत नसतं आणि सरकारला माझ्या अख्ख्या वर्षाचा अंदाज हवा असतो. ज्योतिषाकडे जाऊ का?

मान्य, पगारदार माणसाचा पैसा हातात यायच्या आधीच जातो, त्याला वापरायलाही मिळत नाही. मान्य. पुढे.

मला हे कळलं ते जुलै २०२३ मध्ये. नोकरी सोडल्यानंतरचं पहिलं अर्धंमुर्धं वर्ष कसंतरी निभावलं होतं, २०२२-२३ हे पहिलं पूर्ण वर्ष स्वतःच्या कामाचं. अठ्ठावीस तारखेला सीए मॅडमकडे बसले होते, हातात पिशवी, पिशवीत बँकेची स्टेटमेंटं आणि बिलं. मी एकदम निवांत, कारण माझा समज असा की क्लायंट पैसे देतानाच १० टक्के टॅक्स (टीडीएस) कापून सरकारला देतात म्हणजे आपलं झालं. मॅडमनी आकडे टाकले, थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत, मग स्क्रीन माझ्याकडे वळवला. टीडीएस वजा करून टॅक्स ८४,०००. आणि खाली आणखी दोन ओळी, एकीत ३,३६०, दुसरीत ४,२४२.

मी विचारलं, "हा दंड कशाचा?"

"दंड नाही हो, व्याज. ॲडव्हान्स टॅक्स एकदाही भरला नाहीत ना."

मला वाटलं चुकून मोठ्या बिझनेसवाल्या कुणाची फाईल उघडलीय. ॲडव्हान्स टॅक्स हे फॅक्टरीवाल्यांचं काहीतरी असतं अशी माझी पक्की समजूत. तर नाही. टीडीएस वगैरे जाऊन वर्षाचा टॅक्स दहा हजार किंवा त्याच्या वर निघाला की तुम्ही त्यात आलात. दहा हजार! ज्याचं थोडंफार बरं चाललंय असा कुठलाही ट्यूशनवाला, चित्रकार, सल्लागार यात बसतो.

ते ४,२४२ कसे झाले ते मी तिथेच पेन घेऊन लिहून काढलं, तो कागद अजून आहे माझ्याकडे. जूनला १२,६०० हवे होते, त्यावर महिन्याला एक टक्का असं तीन महिने, ३७८. सप्टेंबरला ३७,८०० हवे होते, ११३४. डिसेंबरला ६३,०००, म्हणून १८९०. मार्चला पूर्ण ८४,००० पण तिथे एकच महिना धरतात, ८४०. हे झालं कलम २३४ सी, हप्ते चुकल्याचं व्याज. आणि ३१ मार्चपर्यंत ९० टक्के पण भरले नाहीत म्हणून एप्रिलपासून परत महिन्याला एक टक्का, एप्रिल मे जून जुलै, चार महिने, ३,३६०. हे कलम २३४ बी. महिना अर्धवट असला तरी पूर्ण धरतात, म्हणजे मी एक जुलैला गेले असते तरी तेवढेच. एकूण सात हजार सहाशे दोन.

सात हजार सहाशे दोन रुपये म्हणजे माझी किती पानं होतात ते मी त्या रात्री मोजलं होतं. आकडा सांगत नाही, क्लायंट वाचतात इथे.

बरं, महिन्याला एक टक्का म्हणजे वर्षाला बारा. आणि उलटं झालं, माझेच जास्त गेले आणि रिफंड निघाला, तर सरकार मला देतं महिन्याला अर्धा टक्का. तेही रिफंड टॅक्सच्या दहा टक्क्यांच्या आत असला तर तेवढंही नाही. घेताना एक आणि देताना अर्धा. सावकार परवडला असं म्हणणार होते पण नाही म्हणत, सावकार काय घेतात हे आजीकडून ऐकलंय.

पण माझा खरा राग यावर नाहीये. ऐका. शेअर विकून नफा झाला, डिव्हिडंड आला, लॉटरी लागली, तर कायदा म्हणतो ठीक आहे, हे आधी कसं कळणार, पैसे आल्यानंतरच्या हप्त्यांत भरा, मागच्या हप्त्यांचं व्याज नाही. धंदा पहिल्यांदाच सुरू केला असेल तरी सूट. आणि मी? मी ऑगस्टमध्ये पुस्तक पूर्ण करून देते, अकाउंट्सवाले म्हणतात बिल प्रोसेसमध्ये आहे, मग म्हणतात साहेब सुट्टीवर, मग वीस मार्चला सगळे पैसे एकदम टाकतात कारण त्यांना वर्ष संपायच्या आत खर्च दाखवायचाय. माझ्या हिशोबात उत्पन्न पैसे हातात आल्यावर धरलं जातं, म्हणजे ते मार्चचं. पण वर्षाचा टॅक्स एकच, आणि त्याच्या टक्केवारीने मागचे चारही हप्ते कमी पडलेले दिसतात. व्याज मला. लॉटरीवाल्याला सवलत आणि सात महिने बिलाच्या मागे फिरणारीला व्याज! हे ज्यांनी लिहिलं त्यांनी आयुष्यात कधी बिल पाठवलं नसणार.

हो, जूनला १५ ऐवजी १२ आणि सप्टेंबरला ४५ ऐवजी ३६ टक्के भरले तरी व्याज लावत नाहीत. आणि १५ मार्च हुकली तरी ३१ मार्चपर्यंत भरलेलं ॲडव्हान्स टॅक्समध्येच धरतात. तेवढी माया आहे. मी ती पुरेपूर वापरते.

चहा घेऊन आले. जरा शांत झालेय.

त्या जुलैचं राहिलेलं सांगते. ९१,६०२ भरायचे होते आणि माझ्या खात्यात होते चाळीस हजार आणि काही. कारण नवा लॅपटॉप घेतला होता, आईबाबांना फिरवून आणलं होतं, खात्यातलं सगळं आपलंच समजून वर्षभर जगले होते. तो पैसा माझा नव्हताच, माझ्याकडे नुसता ठेवायला दिला होता, आणि मी ठेवायला दिलेल्या पैशातून हॉटेलची बिलं भरली. मॅडमच्या जिन्यात उभी राहून मी एकीला फोन केला. तिने कशाला, कधी परत देशील, काही विचारलं नाही. पाच मिनिटांत पन्नास हजार आले.

तीच ही. तीन हसऱ्या तोंडांवाली. म्हणून तर जास्त लागलं.

तेव्हापासून एक केलंय. दुसऱ्या बँकेत एक खातं काढलं, त्याला यूपीआय जोडलेलं नाही, कार्ड कपाटात साड्यांच्या खाली. कुठूनही पैसे आले की त्याच दिवशी, चहा प्यायच्या आधी, त्यातले पंधरा टक्के तिकडे. टीडीएस कापलेला असतो तो वेगळा. खूप जणांना वाटतं दहा टक्के कापले म्हणजे हिशोब मिटला, पण तुमचा स्लॅब वीस-तीस टक्क्यांचा असेल तर वरचे कोण देणार? पंधरा हा माझा आकडा, तुमचा तुम्ही काढा. आणि अंदाज चुकला तर चुकू दे, पण हप्त्याला काहीतरी भराच, व्याज कमी पडलेल्या रकमेवरच लागतं ना. "मार्चमध्ये एकदम बघू" म्हणणारी माणसं मला जुलैमध्ये फोन करतात, मला आता त्यांची कीव पण येत नाही.

(डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट वगैरे मंडळी कलम ४४ एडीए मध्ये जाऊन निम्मं उत्पन्न नफा दाखवतात त्यांना पंधरा मार्चचा एकच हप्ता, ते आत्ता हे वाचून गालात हसत असतील. हसा. आणि बाबा, तुम्ही हे वाचून परत घाबरून फोन करू नका, साठीच्या पुढे आणि धंदा-व्यवसाय नसेल तर ॲडव्हान्स टॅक्स नाही, तुमचं एफडीचं व्याज जुलैत रिटर्नच्या वेळी बघू.)

भरताना एवढंच बघा की चलनात ॲडव्हान्स टॅक्सचा कोड १००, सेल्फ असेसमेंटचा (वर्ष संपल्यावर रिटर्नच्या वेळी भरतो तो) ३००, ते चुकवू नका. आणि वर्ष! आत्ता चालू आहे २०२५-२६ आणि निवडायचं असेसमेंट इयर, म्हणजे त्याचा हिशोब होतो ते पुढचं वर्ष, २०२६-२७. मी दरवेळी बोटं मोजते. एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू होतोय, त्यात म्हणे नुसतं 'कर वर्ष' असणार, ही दोन वर्षांची भानगड नाही. बघू.

तर परत तिच्याकडे. लिहिता लिहिता आठवलं, दिवाळीच्या सुमारास हिनेच सांगितलं होतं की म्युच्युअल फंड विकून स्वयंपाकघर नवीन केलं. अगं मग तुझाही टॅक्स कापला गेलेला नाहीये! समजा जुन्या इक्विटी फंडात सव्वातीन लाख नफा झाला, सव्वा लाख सोडून दोन लाखांवर साडेबारा टक्के, २५,०००, वर सेस (टॅक्सवरचा टॅक्स), २६,०००. दहा हजारांच्या वर. ऑफिसला सांगितलं असतंस तर त्यांनी पगारातून कापला असता. सांगितलंस का?

ग्रुपवर नाही, तिला एकटीला मेसेज केला. "फंडाचा टॅक्स भरलास का गं? आज पंधरा डिसेंबर आहे." साडेसहाला निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

माझा हप्ता मी मघाशी भरला. बँकेचं पान एकदा गोल गोल फिरत बसलं, पोटात गोळा आला, मग चलन आलं.

एडिट, रात्री ९:५०: तिचा फोन आला होता. हॅलो नाही काही नाही, सरळ, "शंभर का तीनशे?" मी म्हटलं शंभर. "वर्ष?" २०२६-२७. मग बराच वेळ नुसती टकटक ऐकू येत होती, मागे तिच्या नव्या स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या. चलन आल्यावर म्हणाली, "ती पोस्ट माझ्यावरच आहे ना?" मी म्हटलं, हो. म्हणाली, "पन्नास हजारांचं लिहायची काय गरज होती, बावळट." आणि ठेवला.