फुकट सुया आणि नागपूरची मुले: एका संदेशाचा प्रतिवाद

नागपुरातील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे: "सरकार नशेडींना फुकट सुया वाटते, एका नशेऐवजी दुसरी देते, म्हणूनच कॉलेजची पोरे इंजेक्शनकडे वळतात, ही केंद्रे बंद करा." पालकांची भीती खरी आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

पहिला मुद्दा सुयांचा. सुई औषधाच्या दुकानात काही रुपयांत मिळते. ती फुकट मिळते म्हणून कोणी हेरॉइन टोचू लागत नाही. एचआयव्हीचा प्रसार रोखण्यासाठी चालणाऱ्या या केंद्रांत ती आधीपासून टोचणाऱ्यालाच मिळते आणि वापरलेली परत घेतली जाते, म्हणजे मैदानात पडणारी सुईही कमी होते. स्वित्झर्लंडच्या झ्युरिक प्रांतात सुया आणि पर्यायी औषधोपचार सहज मिळू लागले त्या काळात, नियमित हेरॉइन घेऊ लागणाऱ्या नव्या लोकांची वार्षिक संख्या १९९० मधील सुमारे ८५० वरून २००२ मध्ये १५० वर आली. या घटीचे सारे श्रेय त्या सेवांना देता येणार नाही. परंतु संदेशातला दावा खरा असता, तर ही संख्या वाढायला हवी होती.

संदेशात जिला दुसरी नशा म्हटले आहे, ती म्हणजे हेरॉइनऐवजी केंद्रात दिली जाणारी ब्युप्रेनॉर्फिन या औषधाची गोळी. ती कर्मचाऱ्यासमोर जिभेखाली ठेवून घ्यायची असते. तिचा परिणाम दीर्घकाळ टिकत असल्याने हेरॉइन न मिळाल्यावर होणारी अंगदुखी, उलट्या, तगमग थांबते, माणूस कामावर जाऊ शकतो आणि सुईची गरज उरत नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने सुया आणि गोळी या दोन्ही उपायांना संरक्षण दिले आहे.

मुलांचा प्रश्न मात्र सर्वांत महत्त्वाचा आहे. पहिले इंजेक्शन बहुतेकदा ओळखीचा, आधीपासून टोचणारा माणूसच देतो किंवा शिकवतो. नवशिक्यासमोर टोचू नये, त्याने गळ घातली तरी पहिली सुई आपण मारू नये, हे त्या माणसाला पटवण्याचे काम इंग्लंडमध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'ब्रेक द सायकल' या उपक्रमाने सुरू केले. हे बोलणे होऊ शकते ते केंद्रातच, कारण तो माणूस शाळेतल्या व्याख्यानाला येत नाही. केंद्र बंद केले, तर त्याच्याशी बोलणारे कोणीच उरणार नाही.

'नशेडी' हा शब्दही मला खटकतो, कारण तो ऐकत वाढलेला मुलगा मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) मानसोपचार विभागाची पायरी चढायला कचरतो. मुलाच्या हातावर टोचल्याच्या खुणा दिसल्यास त्याला घराबाहेर काढण्याआधी १४४४६ या निःशुल्क राष्ट्रीय व्यसनमुक्ती क्रमांकावर फोन करावा.