मधकोठीत नर कोष दिसले म्हणजे राणी संपली, हा समज चुकीचा आहे

मधपाळांमध्ये एक सल्ला सतत पुढे पाठवला जातो. मधकोठीत (पेटीच्या वरच्या, मध साठवण्याच्या कप्प्यात) घुमटासारख्या उंच टोप्यांचे नर कोष (नर पिल्लांची बंद घरे) दिसले की राणी मेली किंवा निकामी झाली आणि कामकरी माश्या अंडी घालू लागल्या, असे समजावे. उरलेली राणी मारून नवी द्यावी. पेटी लांब नेऊन सगळ्या माश्या झटकाव्यात. त्या चौकटींतला मध टाकून द्यावा. आणि पुढे नर दिसतील तिथे कापत राहावे. या सल्ल्यापायी भर फुलोऱ्यात धडधाकट राण्या मारल्या जातात, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासायला हवा. पुढची मापे आणि दिवस मेलिफेरा माशीचे (पेटीत पाळल्या जाणाऱ्या युरोपीय मधमाशीचे) आहेत.

पहिला दावा: राणी संपली म्हणूनच नर झाले.

नर फलन न झालेल्या अंड्यातून होतो आणि निरोगी, मीलन झालेली राणी तशी अंडी ठरवून घालते. कामकरी माशीचे घर साधारण ५.२ ते ५.४ मिमी रुंद असते, नराचे साडेसहा मिमीच्या आसपास. राणी पुढच्या पायांनी घराचे माप घेते आणि मोठ्या घरात नराचे अंडे घालते. आता खालच्या, पिल्लांच्या कोठीत सगळीकडे कामकरी मापाचे मेणपत्रे (घरांचा ठसा उठवलेले मेणाचे पत्रे) असतील आणि वर मधकोठीत बिनपत्र्याची, तुटून पुन्हा बांधलेली किंवा उन्हाने ताणलेली पोळी असतील, तर नरांची मोठी घरे कुठे असणार? वरच. वसाहत जोमात असताना तिला नर हवे असतात. राणीला वर जायला वाट मिळाली की ती नेमकी ती घरे शोधते. म्हणजे मधकोठीतले नर बहुतेक वेळा राणी ठणठणीत असल्याचेच लक्षण असते.

म्हणून निर्णय वरची चौकट पाहून घ्यायचा नाही. मधकोठी बाजूला ठेवा आणि खालची कोठी उघडा. तिथे घराच्या तळाशी मधोमध एकेक अंडे, मोत्यासारख्या अळ्या आणि सपाट टोप्यांचे कामकरी कोष असतील, तर राणी आहे आणि चांगली आहे. खाली ताजे अंडे एकही नसेल आणि वर अंडी, कामकरी पिल्ले, नर असे सगळेच असेल, तर राणी राणीजाळीच्या, म्हणजे कामकऱ्यांना जाऊ देणाऱ्या पण राणीला अडवणाऱ्या जाळीच्या, वर अडकली आहे. दोन्हीकडे अंडी असतील तर जाळीत फट असावी, किंवा वर दुसरी राणी असावी. कोवळी, मीलन न झालेली राणी सडपातळ असते. ती कधीकधी जाळीतून वर जाते, वर दार असेल तर तिथूनच मीलनाला जाऊन येते आणि वरच संसार मांडते.

वयाचा हिशेबही करावा. नराचे अंडे ३ दिवस राहते, दहाव्या दिवसाच्या सुमारास घर बंद होते आणि २४ व्या दिवशी नर बाहेर पडतो. वर फक्त बंद कोष दिसत असतील, अंडी-अळ्या नसतील, तर शेवटचे अंडे किमान दहा दिवसांपूर्वीचे आहे. जाळी उशिरा बसवली असेल किंवा पिल्लांची चौकट वर उचलून ठेवली असेल, तर एवढ्यानेच कोडे सुटते. दोन कोठ्यांमधल्या फटीतले नर तर सर्वांत साधे प्रकरण. ही फट ६ ते ९ मिमी हवी; जास्त झाली की माश्या तिथे आडवेतिडवे पोळे बांधतात, त्यात बहुधा नर असतात आणि कोठी उचलताच ते फाटून पांढऱ्या अळ्या दिसतात. खरवडून काढा, फट दुरुस्त करा, एवढेच.

दुसरा दावा: कामकरी अंडी घालतात, हेच त्याचे कारण.

तसे असेल तर खुणा वेगळ्या दिसतात: एका घरात अनेक अंडी, तळाऐवजी भिंतीला चिकटलेली, आणि कामकरी मापाच्या घरांवर विखुरलेल्या उंच टोप्या. शिवाय खाली कामकरी पिल्ले नसतात. ही अवस्था राणी गेल्यावर आणि उघडी पिल्ले संपल्यावर काही आठवड्यांनी येते, कारण पिल्लांचा गंध कामकऱ्यांची अंडाशये दबलेली ठेवतो. नवी राणीही सुरुवातीला कधीकधी एका घरात दोन-तीन अंडी घालते, पण ती तळाशी असतात. काही दिवसांत हे थांबते.

राणी असलेल्या पेटीत वरच्या मजल्यावर कामकऱ्यांनी अंडी घालणे अशक्य नाही. एरवी इतर कामकरी अशी अंडी हुडकून खाऊन टाकतात, म्हणून ती वाढत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या एका वसाहतीत जाळीच्या वर कामकऱ्यांचेच नर वाढत असल्याचे १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले, ते विरळा म्हणूनच. विरळ शक्यता गृहीत धरून राणी मारायची नसते. राणी बदलायची ती खालच्या कोठीत कामकरी घरांमध्येच बहुतांश नर कोष असतील आणि अंडी एकेकटी, तळाशी असतील तर. तिचा शुक्राणूंचा साठा संपला आहे किंवा तिचे मीलनच झालेले नाही.

तिसरा दावा: लांब नेऊन झटकल्यावर अंडी घालणाऱ्या कामकरी परत येत नाहीत.

येतात. त्या जड होऊन उडेनाशा होतात हे खरे नाही. खरोखर राणीहीन पेटीला दर आठवड्याला अंडी व कोवळ्या अळ्यांची एक चौकट, सलग तीन आठवडे द्यावी. माश्या राणीघर बांधू लागल्या की गाडी रुळावर आली. वसाहत फारच रोडावली असेल तर ती सशक्त पेटीत मिसळून टाकणे बरे. राणी असलेल्या पेटीत मात्र झटकण्याने फक्त पिल्ले गारठतात आणि राणी हरवते.

मग करायचे काय? राणी वर सापडली तर तिला हाताने खालच्या कोठीत सोडा. सापडत नसेल तर मधकोठीतल्या सगळ्या माश्या खालच्या कोठीत झटका, वर धड जाळी ठेवा आणि रिकामी झालेली मधकोठी परत चढवा. जाळी आधी उजेडासमोर धरून पाहा. एखादी तार वाकली असली तरी राणी निसटते. चार दिवसांनी वर अंडी नसावीत. असली तर राणी अजून वरच आहे, किंवा तिथे दुसरी आहे.

वर राहिलेल्या नरांचे पुढे काय, हे त्या सल्ल्यात कुठेच नाही, आणि खरी अडचण इथेच होते. नर जाळीतून जाऊ शकत नाही. वर जन्मलेले नर तारांमध्ये डोके घालून मरतात, जाळी प्रेतांनी तुंबते, कामकऱ्यांची ये-जा आणि हवा अडते. म्हणून शेवटच्या अंड्यापासून २४-२५ दिवस मधकोठीला ८ ते १० मिमीचे छोटे वरचे दार ठेवा. फुलोरा संपत आला असेल तर इतर पेट्यांतल्या माश्यांकडून मधाची लूट होऊ नये म्हणून ते अगदी अरुंद ठेवा, किंवा दार न ठेवता एक-दोन दिवसांआड दुपारी झाकण थोडा वेळ उघडा. नर दुपारीच उडतात.

चौथा दावा: तो मध निरुपयोगी.

घरे रिकामी झाली की माश्या ती साफ करून त्यात मध भरतात, आणि तो खाण्यास योग्य असतो. पोळे काळे असल्यास रंग थोडा गडद येईल. मात्र उघड्या अळ्या असलेली चौकट मधयंत्रात घालू नका. अळ्या आणि त्यांचे पातळ अन्न मधात उतरते, मध गढूळ होतो आणि आंबण्याची भीती वाढते. बंद नर कोषांवर सुरी चालवली तरी तेच. अशी चौकट परत ठेवा आणि थांबा.

पाचवा दावा: नर दिसतील तिथे कापा.

यात तथ्य आहे, पण कारण चुकीचे सांगितले जाते. नरांवर मध खर्च होतो, हे मान्यच करायला हवे; मधमाशी-संशोधक टॉमस सीली यांच्या २००२ मधल्या प्रयोगात नर पोळी दिलेल्या वसाहतींनी बराच कमी मध साठवला. पण सरसकट कापल्याने माश्या तेच पोळे पुन्हा बांधतात आणि त्यातही मेण-मध जातोच. कापण्याचे पक्के कारण व्हॅरोआ आहे. हा परजीवी कोळी कामकरी पिल्लांपेक्षा नर पिल्लांकडे कित्येक पटींनी जास्त वळतो, कारण नर कोष जास्त दिवस बंद राहतो आणि कोळ्याची जास्त पिल्ले पक्व होतात. त्यामुळे बंद नर कोषांचा पट्टा सापडला तर त्यातले ५०-१०० कोष काट्याने उपटून पाहा. पांढऱ्या अंगावर तांबूस-तपकिरी, चपटे ठिपके दिसले तर पूर्ण पट्टा नर बाहेर पडण्याआधी कापा आणि दोन दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवून मगच मेण वितळवा. कोळी नसतील, तर नरांना निघू देणेही चालेल.

नरांची गरज खालीच भागवणे हे सर्वांत सोयीचे. पिल्लांच्या कोठीत कडेच्या दुसऱ्या जागी मधकोठीची एक बुटकी चौकट लावा. तिच्या खालच्या मोकळ्या जागेत माश्या नर पोळे बांधतील, ते बंद होताच कापता येईल. तारीख मात्र चुकवू नका; २४ दिवस उलटले तर तीच चौकट कोळ्यांची पैदास करते. नर घरे असलेल्या मधकोठीच्या चौकटींवर खूण करा, त्या नेहमी जाळीच्या वरच वापरा, आणि हंगाम संपल्यावर वेगळ्या ठेवा. एकदा पिल्ले झालेल्या पोळ्यात कोषांची साल आणि परागकण राहतात, म्हणून मेणकिडा (पोळी खाणारी पतंगाची अळी) आधी त्याच चौकटी धरतो.