तरंगणारा उंदीर निराशच कशावरून?

काचेच्या उंच भांड्यात पाण्यावर नुसता तरंगत राहिलेला उंदीर ‘नैराश्यात गेला’, हे नैराश्यावरच्या औषधांच्या उंदरांवरील चाचण्यांबद्दलच्या तुमच्या लेखातलं विधान काही पटलं नाही. उंदराला पाण्यात सोडून तो किती वेळ हातपाय मारतो हे मोजणारी संशोधक पोरसोल्टची ही चाचणी १९७७ पासून चालत आलीय खरी, पण सुटायला वाट नाही हे कळल्यावर दम राखून ठेवणं हा शहाणपणाही असेल की! शिवाय नैराश्यावरच्या औषधाच्या एका डोसाने उंदीर पुन्हा हातपाय मारतो. माणसाला मात्र त्याच औषधाचा गुण यायला आठवडे लागतात. मग आपण मोजतोय तरी काय?

बेळगावात फार्मसी करताना प्रयोगाच्या उंदरांचे पिंजरे बदलायचं काम माझ्याकडे होतं. नवा भुसा घातला की नरांची जुंपलीच, शेपट्या रक्ताळायच्या. खानापूरकडचे आमचे शिपाईमामा जुन्या घरट्यातला मूठभर कापूस नव्या पिंजऱ्यात टाकायचे, मग जरा निवायची भांडणं. ओळखीचा वास, दुसरं काय! पिंजऱ्यातला असा ताण घेऊन पाण्यात पडलेला उंदीर कसा वागेल, हाही प्रश्नच की! पण लेखात पिंजऱ्याबद्दल अवाक्षर नाही.